जोडीची चिठ्ठी

१५ जानेवारी, बुधवार

आज आलं ते: तीळ अर्धा किलो, शंभर रुपये. गूळ एक किलो, पंचावन्न. वाणासाठी चहाच्या गाळण्या दोन डझन, दोनशे चाळीस. दुकानदार तीनशेच म्हणत होता, मी पिशवी उचलून चालायला लागले तेव्हा उतरला. उदबत्तीचा मोठा पुडा, साठ. आणि महिला संघाची नोटीस, तिला काही पडलं नाही.

संघाच्या अध्यक्षपदाची निवडणूक २ मार्चला आहे. २८ फेब्रुवारीपर्यंत जोडीची चिठ्ठी द्यायची. नोटिशीत जोडीचा नियम पुन्हा छापला आहे, नव्या बायांना माहीत नसतो म्हणून. संघात सात गावं, चार सडकेकडची आणि तीन नहराकडची, म्हणजे कालव्यापलीकडची. पहिल्या वर्षी अध्यक्ष सडकेकडची झाली तर नहराकडच्या बाया सभेला येईनात. तेव्हापासून अध्यक्ष एकीकडची तर उपाध्यक्ष दुसरीकडची, दोघींची नावं एकाच चिठ्ठीवर, दोघींच्या सह्या. मत पडलं तर दोघींना, नाही तर एकीलाही नाही. त्यामुळे आमच्याकडे अमकी उभी आहे म्हटलं की लोक विचारतात, सोबत कोण?

दुर्गेश्वरीबाई उभ्या राहणार आहेत. त्यांच्या यजमानांची सडकेवर मोठी राईस मिल आहे. संघाची भरडाईची मशीन तोट्यात आहे, ती ठेक्यानं देऊन टाकावी असं त्यांचं म्हणणं. ठेका कोण घेईल ते कोणी विचारलं नाही, कारण सगळ्यांना माहीत आहे. चार वर्षांपूर्वी ती शेड आम्ही बायांनी उभी केली. आपलं धान आपण भरडतो, तांदूळ आपल्या नावाच्या थैलीत विकतो. चौदा बायांना काम आहे. मशीनवरच्या बाया दुपारी घरी आल्या आणि म्हणाल्या, सुमित्राबाई, तुम्ही उभ्या राहा.

देवापुढे बसून एक माळ ओढली. मन शांत होतं. उभी राहीन म्हटलं.

हे म्हणाले, नहराकडची अल्का घे सोबत. गरीब आहे, तुझ्या शब्दाबाहेर जाणार नाही. हे आज सकाळीच दुर्गेश्वरीबाईंच्या मिलवर चहा घेऊन आले, तरी विचार माझ्याच बाजूनं करतात.

१७ जानेवारी, शुक्रवार

संकष्टी. चांगलं काम चांगल्या दिवशी सुरू करावं ही सासूबाईंची शिकवण, म्हणून आजच नहरापलीकडे भागीरथाबाई शहारेंकडे जाऊन आले. यांना सांगितलं नव्हतं.

तिकडच्या तिन्ही गावांत त्यांच्याइतकी खंबीर बाई नाही. बिलाच्या घोळात मशीनची वीज गेली होती तेव्हा त्या वीज कंपनीच्या साहेबाच्या समोरच्या खुर्चीवर जाऊन बसल्या आणि तार जोडायला माणूस निघेपर्यंत उठल्या नाहीत. सातवी शिकलेल्या आहेत, विहारात वाचन त्याच करतात. पण तोंडाच्या तिखट. मागच्या सभेत मला सगळ्यांसमोर म्हणाल्या, तुम्ही थैल्या एवढ्या जपता का उंदीर तांदूळ खाऊन जातीन आन थैली कोरी राहील. बाया हसल्या. तो शब्द मला कितीतरी दिवस टोचत होता. खरं लिहायचं तर मला त्यांची भीतीच वाटते. शेजारच्या खुर्चीवर अशी बाई बसली तर माझं ऐकणार कोण?

तरीही गेले, कारण अल्काला घेऊन तीन गावं येणार नाहीत. भागीरथाबाईंना घेऊन येतील.

तिळगूळ नेला. त्यांच्यात कुंकू नाही हे मला माहीत आहे, म्हणून करंडा मुद्दाम घरी ठेवला. माणसानं एवढं भान ठेवावं.

त्यांचे यजमान ताराचंदभाऊ बांधीवर, धानाच्या शेतात, जायच्या तयारीत होते, उन्हाळी धानाच्या रोवणीचे दिवस आहेत. भागीरथाबाईंनी चहा आणला. मी म्हटलं, आज संकष्टी, आमच्याकडे उपास निरंकार असतो, चंद्र दिसेपर्यंत पाणीही नाही. त्या कप धरून जराशा थांबल्या, मग तो ताराचंदभाऊंना दिला. तिळगूळ मात्र त्यांनी तिथंच खाल्ला. कडक झाला म्हणाल्या. झालाच होता.

चिठ्ठीचं बोलले तर म्हणाल्या, पाहू जी.

२५ जानेवारी, शनिवार

एकादशी. सकाळी पोथी वाचून दुसऱ्यांदा भागीरथाबाईंकडे गेले. निघण्याआधी फोन केला होता. त्यांना कमी ऐकू येतं म्हणून फोन मोठ्या आवाजात ठेवतात, सगळं घर ऐकतं. म्हणून एवढंच म्हटलं की दुपारी येते.

त्यांच्याकडे कोणी पाहुणा जेवायला यायचा होता वाटतं. ओसरी सारवून काढली होती, नवी स्टीलची ताटं, त्यांवरचा कागदसुद्धा निघाला नव्हता. लाखोरीची डाळ शिजल्याचा वास येत होता. वांग्याची भाजी दोन गंजांत होती. मी सहज विचारलं दोन कशाला, तर म्हणाल्या, एकीत कांदा-लसूण नाही. त्यांच्याकडे एवढं सोवळं पाळणारा कोण येत असेल कोण जाणे.

मला बसा म्हणाल्या. मी म्हटलं, आज एकादशी, मला अन्नाचं नाव नको, तुम्ही आपलं उरका. दारातच मोढ्यावर बसून बोलले. भरडाईचा दर, थैल्यांची छपाई, धान ओलं येतं त्याची तक्रार. त्यांनी दोन गोष्टी अशा सुचवल्या की मला चार वर्षांत सुचल्या नव्हत्या. पण चिठ्ठीचं काढलं की विषय बदलत. निघताना त्यांनी ताटं परत फळीवर ठेवली. पाहुणा आलाच नाही बिचारा.

येताना ऑटोला वीस रुपये गेले. चालत आले असते, पण निरंकार उपासात ऊन सोसत नाही.

१ फेब्रुवारी, शनिवार

गणेश जयंती. आजच हळदीकुंकू ठेवलं. अठरा बाया आल्या, सहा गाळण्या उरल्या, पुढच्या वर्षी होतील.

दुर्गेश्वरीबाईही आल्या, गळ्यात ठसठशीत मंगळसूत्र. त्यांच्या हळदीकुंकवाला स्टीलचे डबे वाटले होते, झाकणासकट. माझी गाळणी उजेडात धरून पाहिली आणि म्हणाल्या, "बारीक आहे हो जाळी. तुमच्यासारखीच, काही सुटत नाही."

बाया हसल्या, मीही हसले. मग त्यांनी बसता बसता सांगितलं की परवा त्या भागीरथाबाईंकडे जेवून आल्या. ओसरीवर मांडी घालून बसल्या, डाळ दोनदा मागून घेतली, काय हात आहे म्हणाल्या त्या बाईचा. सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगत होत्या.

म्हणजे त्याही तिकडे जाऊ लागल्या. त्यांच्या चिठ्ठीत भागीरथाबाईंचं नाव आलं तर मशीन गेलीच समजा. परवा गुरुवार होता. दुर्गेश्वरीबाईंना गुरुवार नाही की एकादशी नाही, कुठंही बसून जेवतात. मी मनात म्हटलं, असो, ज्याचं त्याच्याजवळ.

बाया गेल्यावर हे म्हणाले, पाहा, भागीरथा दोन्हीकडे हात ठेवते. अल्काच बरी. यांना हे कसं कळलं विचारलं, तर मिलवर बोलणं चाललं होतं म्हणे.

८ फेब्रुवारी, शनिवार

पुन्हा एकादशी. दुर्गेश्वरीबाई पुढं जाऊ नयेत म्हणून आजचा दिवस सोडला नाही.

भागीरथाबाई अंगणात वाळत घातलेलं धान पायानं फिरवत होत्या. मला पाहून पाय थांबवला आणि म्हणाल्या, "या जी. पानी तं नाईच घेनार."

मी म्हटलं, एकादशी आहे ना.

"तुमचे देव लय हुशार, सुमित्राबाई. तुमी माह्या घरचा रस्ता धरला का उपास लावून देतेत."

मला हसू आलं. विनोदी आहेत मूळच्या. मी म्हटलं, देवाचं ते देव जाणे, तुम्ही चिठ्ठीचं सांगा. त्या धान पसरत राहिल्या. मग त्यांनी विचारलं, "जिंकलो तं आपन दोघी एका टेबलापाशी बसू. तवा कसं कराल?"

या प्रश्नाची मी तयारी करूनच गेले होते. म्हटलं, रजिस्टर आणि पावत्या मी पाहीन, साहेबलोकांशी बोलणं तुम्ही करा, ज्याचं काम त्यानं केलं की भांडण होत नाही. माझ्या मते उत्तर चोख होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, नुसतं "बरं जी" म्हणाल्या आणि पाठ करून पुन्हा पाय फिरवायला लागल्या.

माझं काय चुकलं ते कळत नाही. वाटभर तोच विचार. एवढी मोठी गाठ मारून ठेवली आहे मनाला या बाईनं. गर्व असेल.

१२ फेब्रुवारी, बुधवार

अल्का आली होती. चांगली मुलगी आहे, आल्याबरोबर भांडी घासायला बसली, उठ म्हटलं तेव्हा उठली. मी तिला विचारलं, भरडाईचा दर थोडा वाढवावा का? म्हणाली, हो मावशी, वाढवाच. चहा झाल्यावर विचारलं, की कमी करावा? म्हणाली, हो मावशी, कमीच बरा. सही कुठं करू ते तेवढं दाखवा म्हणाली.

मी चिठ्ठीचा कागद काढला नाही. घरात नाही म्हटलं. पेटीत होता. देवा, माफ कर.

हे रात्री जेवताना चिडले. म्हणाले, ज्या बाईला तू हवी नाहीस तिच्या दारात तीनदा गेलीस, लोक काय म्हणतील? मी म्हटलं, लोकांचं सोडा, मशीनचं काय? तर म्हणाले, मशीन कोणीही चालवली तरी तांदूळ तांदूळच निघतो ना. भाताचा घास हातात तसाच राहिला. इतक्या वर्षांत यांना मशीनबद्दल असं काही वाटत असेल हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

१५ फेब्रुवारी, शनिवार

दळण बारा रुपये. खोबरेल तेल पंचावन्न. बाकी काही घेतलं नाही.

संध्याकाळी दिवा लावून भिंतीवरचं कॅलेंडर खाली घेतलं. भागीरथाबाईंकडे शेवटचं एकदा जायचं आणि मग अल्का तर अल्का, असं ठरवलं होतं. चांगला दिवस शोधत होते. उद्या संकष्टी. चोवीसला एकादशी आणि वर सोमवार. सव्वीसला महाशिवरात्री. मी जायला चांगल्या म्हणून ज्या तारखांवर बोट ठेवत होते त्या सगळ्यांवर उपासाची खूण होती. असणारच. चांगला दिवस म्हणजे देवाचा दिवस, आणि देवाचा दिवस म्हणजे आमच्याकडे उपास.

मग बोट मागं नेलं. आठ तारीख, एकादशी. पंचवीस, एकादशी. सतरा, संकष्टी.

तीनदा गेले. तीनदा त्यांच्या घरी पाण्याला शिवले नाही. तिळगूळ दिला, त्यांनी खाल्ला. त्यांचा चहा ताराचंदभाऊ प्यायले.

तुमचे देव लय हुशार.

नवी ताटं. बिनकांद्याची भाजी. मी दारात मोढ्यावर बसून म्हटलं, तुम्ही आपलं उरका. पाहुणी मीच होते.

माझ्या मनात तसं काही नव्हतं हे मी देवाची शपथ घेऊन सांगेन. पण नव्हतं, तर दुसरा कुठलाही दिवस मला का सुचला नाही? सासूबाई नहरापलीकडे गेल्या की दिवसभर पाणी प्यायच्या नाहीत, आणि त्यांचे सगळे दिवस काही उपासाचे नसायचे. तेव्हा मी नवी होते. त्यांना तिकडचं पाणी सोसत नाही, असं मला सांगितलं होतं, आणि मी ते धरून चालले.

आज माळ ओढली नाही. कॅलेंडर परत टांगलं.

१९ फेब्रुवारी, बुधवार

आज कुठलीच तिथी पाहिली नाही. सकाळची भांडी आटोपली आणि निघाले. चालत गेले.

भागीरथाबाई घरी नव्हत्या. मुलगी रीता देवरीला दिली आहे, तिच्या बाळंतपणाला गेल्या. ताराचंदभाऊ एकटेच होते. ती सोमवारी येईल म्हणाले, आणि दारातला मोढा पुढं केला. मी आत जाऊन ओसरीवर बसले आणि म्हटलं, भाऊ, पाणी द्या.

ते उभेच राहिले. म्हणाले, "आज उपास नाई का जी?"

मी म्हटलं, नाही. काही खायला असेल तर तेही द्या.

त्यांची फारच तारांबळ झाली. सकाळचा भात होता, डाळ पातळ झाली होती, मीठ विसरले होते. हाताचं केलेलं आहे, गोड मानून घ्या म्हणाले. ताट नवंच काढलं, कागद अजून तसाच, तो नखानं सोलून काढायला लागले. मी म्हटलं, राहू द्या. मी जेवले. पाणी दोन तांबे प्यायले, ऊन झालं होतं.

ते दाराशी बसून होते. मी जेवून ताट धुतलं तेव्हा बोलले. दुर्गेश्वरीबाई दोनदा आल्या, दोन्ही वेळा जेवल्या, दुसऱ्यांदा सोबत माणूस होता फोनवर फोटो काढायला. त्यांनाही भागीरथाबाईंनी होकार दिला नाही. मी विचारलं, का? तर म्हणाले, "ती म्हनते, एक मतासाठी जेवते, एक देवासाठी जेवत नाई. माह्यासाठी कोनी येतच नाई."

मी धुतलेलं ताट फळीवर ठेवलं.

मग तेच म्हणाले, आता फोन लावून देऊ का तिले? मी नको म्हटलं. तो फोन रीताच्या सासरचं सगळं घर ऐकेल, आणि ही गोष्ट ओरडून सांगायची नाही. देवरीचा पत्ता मागितला. तो त्यांनी सांगितला. मी उठले तेव्हा म्हणाले, सोमवारी येईल ती, पन त्या दिवशी तुमची एकादशी हाय. मी त्यांच्याकडे पाहिलं. तर मान खाली घालून हसले, "आमच्या घरी तुमच्या तिथ्या पाठ झाल्या जी."

घरी आले तेव्हा यांनी विचारलं, कुठं होतीस. म्हटलं, नहरापलीकडे, जेवून आले. हे म्हणाले, काय होतं जेवायला? म्हटलं, डाळभात. अळणी.

सासूबाईंच्या फोटोसमोर उदबत्ती लावली. त्यांना काही सांगितलं नाही. मग देवापुढे बसले आणि सोमवारचं सांगितलं. विचारलं नाही, सांगितलं. चाळीस वर्षांत असं पहिल्यांदाच. धाकधूक झाली, पण उठले तेव्हा नेहमीसारखंच वाटत होतं.

२० फेब्रुवारी, गुरुवार

पाकीट तिकिटासकट पाच रुपये, पोस्टकार्ड पन्नास पैसे. कार्डावर माझा पत्ता लिहून ते पाकिटात घातलं, म्हणजे त्यांना खर्च नको. यांनीच सायकलवर जाऊन पेटीत टाकलं, काही न विचारता; देवरीला टपाल दुसऱ्या दिवशी पोचतं. पाठवलं त्याची नक्कल इथं ठेवते. सुरुवातीला काय लिहावं यात सकाळ गेली.

"भागीरथाबाई, जयभीम.

रीताची तब्येत ठीक असेल. तिला मेथीचे लाडू करून ठेवले आहेत, ताराचंदभाऊंकडे पोचवते.

काल तुमच्या घरी जेवून आले. भाऊंनी वाढलं. तुम्ही पंचवीस जानेवारीला केलं होतं ते माझ्यासाठी होतं, हे मला तीन आठवड्यांनी कळलं. तुम्ही विचारलं होतं की एका टेबलापाशी बसू तेव्हा कसं कराल, त्याचं मी जे उत्तर दिलं ते दुसऱ्याच प्रश्नाचं होतं.

चिठ्ठीचं या पत्रात लिहीत नाही. कागद माझ्याकडे कोराच आहे, अल्काची सही घेतलेली नाही. तुम्ही नाही म्हणालात तरी मला राग नाही, आणि दुर्गेश्वरीबाईंबरोबर उभ्या राहिलात तरी पुढचं ऐका.

सोमवारी तुम्ही परत येता. सोमवारी मी तुमच्याकडे जेवायला येते. त्या दिवशी काय आहे ते तुम्हाला माहीत आहे आणि मलाही. ओसरीवर बसेन, भात खाईन. भाजी एकाच गंजात करा, कांदा-लसूण घालून.

बाळंतपणातून येता, दमाल, म्हणून तांदूळ मी आपल्या मशीनचा आणते. थैलीसकट आणते, उंदरांची काळजी नको. डाळ लाखोरीची करणार की तुरीची, आणि चूल किती वाजता पेटवता म्हणजे हाताखाली यायला बरं, एवढं सोबतच्या कार्डावर लिहून उलट टपाली कळवा.

सुमित्रा कापगते"